गुडघाभर दर्या

गणपामामा गवंडी बीडच्या कचेरीची ओसरी ओलांडताना धोतर गुडघ्यापर्यंत वर धरायचा. अन् ओसरी कोरडी ठाक! मी तिथं नवाच कारकून, मला हसू आवरंना.

"मामा, धोतर कावून उचललं?"

"भिजंल ना बे!"

चेहरा असा गंभीर, जसं काय मीच येडा.

त्या ओसरीला शहाबादी फरशी बसवायचं काम मामाकडं होतं. तरुणपणी तो तिकडं शहाबादच्या खाणीवर राबलेला. तिथल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलेलं त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. "देवांच्याबी आधी तिथं उथळ दर्या होता. पाण्यातला चुना खाली बसायचा, पिठावानी. थरावर थर, दाबून दाबून फरशी झाली. आपुन तळावर चालतोय, तळावर!" चुना मळतानाबी तेच. "दगडच हाय लेकाचा. भट्टीत जाळा, पाणी पाजा, उकळतोय. भिंतीत बसला का परत दगड. मरतच न्हाई."

अन् दर्या? तो त्यानं जन्मात पाहिला नव्हता!

एका फरशीवर बारीक लाटा होत्या, खऱ्याखुऱ्या! नदीकाठच्या वाळूवर उठतात ना, अगदी तशा. मामानं ती ऐन दारात बसवली, लाटा वर करून. दुसऱ्याच दिवशी कचेरीचे मोठे अंमलदार, पेशकारसाहेब, तिथं ठेचकाळले.

"ये क्या लगाया बे? कल तक छील के साफ करो!"

मामा छिन्नी घेऊन बसला. सांज झाली तरी त्याच्यानं एक टवका काढवला न्हाई. मग उठून माझ्याकडं आला. मला कधी नव्हे ते 'कारकूनसाब' म्हणाला.

"कारकूनसाब, माझ्या उंबऱ्याची फरशी लई गुळगुळीत हाय. ती हितं लावतो, ही मला नेऊ द्या. साहेबाला इचारा की."

हात जोडलेले, चुन्यानं फुटलेले. मी पळतच आत गेलो.

"ले जाव बला को," साहेब म्हणाले.

फरशी बैलगाडीत घातली, मीबी चढून बसलो. मामाच्या घराच्या दारात मामी उभी होती. देवी आल्या तेव्हा तिचे डोळे गेलेले, हे मला तिथंच कळलं. मामानं फरशी उंबऱ्यापुढं बसवली अन् तिचा हात धरून लाटांवर ठेवला.

"लग्नात बोललो होतो न्हवं, दर्या दावीन म्हणून?"

मामी बोटं फिरवत राहिली. एक लाट, मग दुसरी.

"आवो, पानी आत्ताच गेलं व्हय?"

मामी उठली, अन् पाय पुढं टाकायच्या आधी तिनं लुगडं घोट्याच्या वर उचललं.