पोळपाटावरचा वाडगा

लोखंड नीलकंठरावांच्या शब्दाबाहेर कधी गेलं नाही. फॅक्टरीतून निवृत्त होईपर्यंत ते त्याला लेथच्या चकात, त्या फिरत्या पकडीत, आवळायचे आणि ते मुकाट कातून घ्यायचं. लाकडाचं तसं नव्हतं. मागच्या अंगणात लेथ बसवल्यापासून दोन वाडगे चकातून निसटून तुळशीवर गेले होते. तिसऱ्याला स्क्रूने धरलं, तर तळालाच भोकं पडली.

त्यात आज मुलाच्या सासूबाई, बेबीताई, महाराजपूरहून जेवायला यायच्या होत्या. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, "लाकडाचं काम नाजूक असते, भाऊ. तुम्ही लोखंडातच बरे." आज त्यांच्या हातात वाडगा ठेवायचाच, असं नीलकंठरावांनी ठरवलं होतं.

उपाय कालच सुचला होता. लेथच्या फिरत्या थाळीवर आधी एक फालतू लाकूड स्क्रूने बसवायचं आणि शिसमचा ठोकळा त्यावर सरसाने चिकटवायचा. भोकं पडतील ती फालतू लाकडाला. शेवटी छिन्नी मारून वाडगा सुटा करायचा. असं गोल, सपाट, मुरलेलं लाकूड घरात एकच होतं.

"माझा पोळपाट पाहिला काय जी?" पुरण वाटता वाटता शरयूताईंनी विचारलं.

"आहे ना. वापरून राहिलो."

त्या बाहेर आल्या. पोळपाट लेथवर होता. त्यावर देखणा वाडगा होता. पोळपाटाचे तीन पाय तुळशीपाशी पडले होते.

"पाय काहून कापले त्याचे?"

"थाळीवर बसत नव्हता."

"चलो, आता काढा."

नीलकंठरावांनी स्क्रू काढले, छिन्नी मारली. दुसऱ्या घावाला वाडग्यालाच बारीक तडा गेला. त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

"सुटत नाही," ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. "पकड चांगली बसली."

"मग पोळ्या काय तुमच्या डोक्यावर लाटू?"

दारात ऑटो थांबला. शरयूताईंनी सगळं प्रकरण उचललं, वाडगा ओट्यावर उपडा टेकवला आणि वर आलेल्या पोळपाटाच्या पाठीवर लाटायला घेतलं. स्क्रूच्या भोकांमुळे प्रत्येक पोळीवर चार टेंगळं उठली.

"हे ठिपके कसे काढता हो, विहीणबाई?" जेवताना बेबीताईंनी विचारलं.

"आमच्याकडची पद्धत आहे," शरयूताई म्हणाल्या.

जेवण झाल्यावर बेबीताईंनी ओट्यापाशी उभं राहून लाटणं फिरवून पाहिलं. "अच्छा, उंच केला. कंबर वाकवावीच नाही लागत. भाऊ, हा मी घेऊन जाते."

"खाली आहे ना, तो वाडगा..."

"हो, बैठक मस्त जमली," बेबीताई म्हणाल्या आणि पोळपाट पिशवीत घालून ऑटोत बसल्या.

वाडगा ठरल्याप्रमाणे बेबीताईंकडे गेला. उपडा गेला, एवढंच.

"आता माझा पोळपाट?" शरयूताई म्हणाल्या.

"करतो ना. लाकूड आहे. फक्त पाठीमागे धरायला काहीतरी सपाट पाहिजे."

बोलता बोलता त्यांची नजर देवासमोरच्या पाटावर गेली.

शरयूताई जाऊन पाटावर बसल्या.