शेळके सरांचा माळढोक

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात शिरायचं तर आधी उंबऱ्यावर कपडे झटकावे लागत. शेळके सर दारात उभे राहून हुकूम सोडत, "झटका!" पदर, टोपी, पँटीचे पाय, सगळं. एकदा खुद्द प्राचार्यांनाही त्यांनी कोट काढून झटकायला लावला होता. विचारलं की म्हणत, "कसर येती हो! एक किडा आत गेला की वाघ संपला."

वाघ म्हणजे पेंढा भरलेला बिबट्या. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराची हवेली रिकामी झाली, तेव्हा त्यानं मारून पेंढा भरलेल्या शिकारी बैलगाडीत घालून कॉलेजात आल्या: हा बिबट्या, दोन काळवीट, एक तरस आणि कमरेएवढा उंच माळढोक पक्षी. जहागीरदारानं त्या मिरवायला ठेवल्या होत्या. सर मात्र पोरांना म्हणत, "नीट बघून घ्या. माळावर आता हे दिसत नाय."

मी त्यांच्या हाताखाली नवी लागले होते. सर कायम धास्तावलेले. ढग आले की ओल लागेल, ऊन पडलं की रंग उडेल, थंडीत उंदीर. अंगाला डांबरगोळ्यांचा असा वास, की सिटी बसमध्ये शेजारची जागा रिकामीच राही.

अशा माणसाला एके दिवशी प्राचार्य म्हणाले, "खोली टायपिंगच्या वर्गाला लागणार. तुमची जनावरं व्हरांड्यात ठेवा."

सर पांढरेफटक पडले. "बाई, पावसाळा तोंडावर हाय. बाकीचे थोडं तग धरतील, माळढोक नाय धरायचा. त्याला माझ्या घरी नेऊ."

पुंडलिकनगरला सरांच्या घरी जायला रिक्षा केली. चादरीत गुंडाळलेला माळढोक आमच्या दोघांच्या मध्ये. चोच सारखी बाहेर यायची. चौकात हवालदारानं हात केला. शिकारीवर बंदी येऊन फार काळ झाला नव्हता.

"काय हाय त्याच्यात?"

"पक्षी," सर घाम पुसत म्हणाले.

"जिवंत?"

"नाय."

"म्हंजे मारला?"

"मारला, पण मी नाय. जहागीरदारानं."

"कुठंय त्यो?"

"ते बी नाय राहिले."

"कधी मारला?"

"निजामाच्या राज्यात!"

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं, मग चोचीकडं, आणि आम्हा तिघांना थेट वनखात्याच्या कचेरीत नेलं. वाटेत सर एकच घोकत होते, "ह्यांनी जप्त केला तर गोदामात टाकतील. कसर लागंल."

तिथले साहेब तरुण होते. चादर काढताच ते खुर्चीतून उठले. असा पक्षी त्यांनी फक्त चित्रात पाहिला होता. पायाला बांधलेली पट्टी त्यांनी वाचली. "करमाडचा माळ? तिथं माळढोक होते?"

"आमचंच गाव ते. लई होते," सर म्हणाले.

"आज कुणाला सांगितलं तर पटणार नाही. हा पुरावा आहे, सर. खोली हलवू नका म्हणून मी प्राचार्यांशी बोलतो. आणि तो माळ मला दाखवा."

ते खरंच बोलले, आणि खोली राहिली. पुढच्या रविवारी पहाटे आम्ही त्यांच्या जीपनं करमाडला गेलो. निम्मा माळ नांगरलेला, उरलेल्यात शेळ्या. दुर्बिणीत टिटव्या दिसल्या, होले दिसले. माळढोक नाही. ऊन चढलं तसे साहेब जीपकडं वळले.

सर जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही तळहात तोंडाशी धरले आणि छातीतून एक खोल, घुमणारा आवाज काढला. "हूंम्..." मग कान देऊन उभे राहिले. पुन्हा, "हूंम्..."

माळावर नुसता वारा.

"मी गुरं राखायचो तवा नर असाच मादीला बोलवायचा," ते म्हणाले. "पेंढा भरला की पिसं ऱ्हातात, बाई. आवाज नाय ऱ्हात. गावात आता हा मलाच येतो. मी गेल्यावर?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तळहात तोंडाशी धरले आणि जमेल तसा आवाज काढला.

"असं नाय," सर म्हणाले. "पोटातनं काढा."