कृष्णविवराचा माग

त्या रविवारी सकाळी, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत ओट्याशी उभा असताना, अवधूत घैसासने एक अगदी साधा निर्णय घेतला. आपल्या सदराखाली लोक काय लिहितात ते आज वाचायचंच.

दोन वर्षं त्याने ते टाळलं होतं. दिवसा अवधूत खराडीतल्या एका विमा कार्यालयात बसून लोकांच्या गाड्यांचे अपघात खरे की बनावट ते तपासायचा. (सोळा वर्षं हेच काम केल्यामुळे कुणी नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी त्याला सोबत दोन फोटो जोडलेले हवेसे वाटत.) पण आठवड्यातून एकदा, 'उद्या' नावाच्या मराठी संकेतस्थळावर तो 'प्रकाशवर्ष' या टोपणनावाने सदर लिहायचा. कुठल्या विज्ञानकादंबरीवर सिनेमा येतोय, परग्रहावरच्या कुठल्या मालिकेचा पुढचा सीझन रद्द झाला, काळप्रवासाच्या कुठल्या पुस्तकाला बक्षीस मिळालं, अशा बातम्या आणि त्यांवर परखड भाष्य. 'परखड' हा शब्द त्याचा स्वतःचा.

"प्रतिक्रिया वाचू नका हं," संपादक शर्मिलाबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं. पण शनिवारी त्यांचाच फोन आला होता. पुढच्या महिन्यात 'उद्या'तर्फे विज्ञानकथेवर मेळावा होता आणि मुख्य परिसंवादाच्या अध्यक्षपदासाठी प्रकाशवर्ष यांचं नाव विचारात होतं.

"विचारात म्हणजे?" अवधूतने विचारलं होतं.

"म्हणजे वाचकांचं काय म्हणणं आहे ते बघतोय."

म्हणून तोही बघायला गेला. पहिल्या चार प्रतिक्रियांमध्ये 'छान', 'मस्त', पुन्हा 'छान' आणि एका गृहस्थांची वन बीएचके भाड्याने देण्याची जाहिरात होती. पाचवी 'कृष्णविवर' नावाच्या कुणाची तरी होती.

"लेखक लिहितात की 'नववा चंद्र' ही मालिका त्यांनी एका दमात पाहिली. दुसऱ्या भागाच्या बाराव्या मिनिटापासून चौथ्या भागाच्या अखेरीपर्यंत लेखक झोपले होते. दम ऐकू येत होता, पण तो घोरण्याचा."

कुकरची तिसरी शिट्टी झाली. चौथी झाली. सहावी झाली तेव्हा आतून बायको ओरडली, "अरे, भात शिजवतोयस की खळ?"

अवधूतला ऐकूच आलं नाही. तो मागच्या आठवड्यांत शिरला होता. कृष्णविवर सगळीकडे होतं. "'अनेक प्रकाशवर्षांपूर्वी' असं लेखकाने लिहिलं आहे. प्रकाशवर्ष हे अंतराचं माप आहे, काळाचं नाही. माणसाला निदान स्वतःच्या नावाचा अर्थ माहीत असावा." त्याआधीचं आणखी भयंकर होतं. "मंगळावरच्या शेतीतल्या चुका लेखकाने तावातावाने दाखवल्या आहेत. त्यांच्या बाल्कनीतला पुदिना तिसऱ्यांदा वाळला."

प्रत्येक शेऱ्याखाली दीडशे-दोनशे अंगठे होते. सदराखाली एकोणीस. (त्यातला एक त्याचा स्वतःचा.)

घोरणं ऐकलेला आणि पुदिना पाहिलेला माणूस म्हणजे घरातलाच किंवा भिंतीपलीकडचा. अवधूतच्या मनातला विमा निरीक्षक खडबडून जागा झाला.

घरात संशयित दोन. बायको कादंबरी फिजिओथेरपिस्ट होती. नाव कादंबरी असलं तरी तिने आजवर एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचली नव्हती. पण नवऱ्याच्या चुका मात्र ती पहिल्या पानापासून वाचत आली होती. मुलगी ओवी दहावीत, म्हणजे बापाला काहीच कळत नाही असं ठाम मत असण्याच्या वयात. तिसरा संशयित शेजारच्या फ्लॅटमधले सर्जेराव. धायरी नुसतं गाव होतं तेव्हापासूनचे ते रहिवासी, आणि त्यांच्या बेडरूमची भिंत घैसासांच्या हॉलला लागून होती.

आईला त्याने यादीत घेतलंच नाही. सत्यशीलाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेतून निवृत्त होऊन जमाना झालेला. संध्याकाळी त्या सोफ्यावर त्याच्याशेजारी मटार सोलत बसायच्या. तो मधेच मालिका थांबवून त्यांना समजावायचा, "आई, हा माणूस आता भूतकाळात गेलाय बरं का." त्या "हो का" म्हणायच्या आणि पुढची शेंग घ्यायच्या.

त्या दिवसापासून अवधूतने पाळत सुरू केली. कादंबरी फोनकडे बघून हसली की हा दारात हजर.

"काय गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. एवढं मराठी येतं ना तुला? लेखक आहेस."

(लेखक! टोमणा त्याने मनात नोंदवून ठेवला.)

ओवीला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ब्लॅक होलला मराठीत काय म्हणतात गं?"

"कृष्णविवर. का?"

"एवढ्या पटकन कसं आलं?"

"बाबा, मला माहीत असेल तर तुला प्रॉब्लेम, नसेल तरी प्रॉब्लेम. यू आर बीइंग सो वियर्ड."

आणि सर्जेराव तर लिफ्टमध्ये स्वतःहूनच बोलले. "काय घैसाससायेब, झोप चांगली लागतीया ना? आमच्या भिंतीला समदं कळतंय बरं का."

तिघांचंही वागणं संशयास्पद. ऑफिसात अशा वेळी अवधूत एक युक्ती करायचा. एकाच अपघातातल्या तिघांना तो वेगवेगळी खोटी माहिती द्यायचा आणि कुठली परत येते ते बघायचा. हीच युक्ती घरात करायची असं त्याने ठरवलं. 'नववा चंद्र'चा शेवटचा सीझन जाहीर झाला होता आणि सगळ्यांनाच त्याची उत्सुकता होती.

सोमवारी चहाच्या वेळी तो कादंबरीला म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. शेवटच्या सीझनमध्ये नायक मरतो."

"बरं. तू दूध आणलंस का?"

ओवीला शाळेत सोडताना सांगितलं, "शेवटच्या सीझनची पूर्ण कथा म्हणे कॉम्प्युटरने लिहिलीय."

"ईऽऽ," ओवी म्हणाली.

आणि सर्जेरावांना गेटशी गाठून, इकडेतिकडे बघत, तो हळूच बोलला, "परग्रहाच्या जमिनीचं शूटिंग कुठे होणार आहे माहितीये? आपल्या धायरीत. त्या खोदलेल्या रस्त्यावर. त्यांना तसंच दृश्य हवंय."

सर्जेरावांनी रस्त्याकडे पाहिलं. चार महिने तो तसाच उकरून पडला होता. "दिसतंय खरं तसंच," ते म्हणाले.

इथे अवधूतचा हिशेब थोडा चुकला. कादंबरी आणि ओवी घराबाहेर काही बोलल्या नाहीत, पण सर्जेराव गुपित ठेवणाऱ्यांपैकी नव्हते. दुपारपर्यंत बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली. संध्याकाळी चेअरमन सलिल केतकर यांनी तातडीची बैठक घेतली. पहिल्या मजल्यावरच्या दोन बायकांनी परग्रहवासी म्हणून काम करायची तयारी दाखवली आणि एकीने मेकअप लागणार नाही असंही सांगितलं. मंगळवारी सकाळी गेटवर सलिलरावांच्या अक्षरात पाटी लागली. "चित्रीकरणास येणाऱ्यांनी यान गेटसमोर लावू नये. यानातील हवा सोडण्यात येईल."

बुधवारी, चार महिन्यांत पहिल्यांदाच, रस्ता भरायला मुरुमाचा ट्रक आला. सोसायटीतल्या लोकांनी तो अडवला.

"शूटिंग होईपर्यंत खड्ड्यांना हात लावायचा नाही," सलिलराव म्हणाले.

"कसलं शूटिंग?" ड्रायव्हरने विचारलं.

"ते तुम्हाला कळणार नाही."

ट्रक आल्या पावली परत गेला. त्याच संध्याकाळी खराडीहून परतताना अवधूत स्कूटरसकट त्याच खड्ड्यात गेला.

फार लागलं नाही, पण गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्याची एक काडी वाकडी आणि स्कूटरचा आरसा मोडलेला. वर सर्जेराव गॅलरीतून ओरडले, "सायेब, ट्रायल चाललीया व्हय?"

लंगडत वर येऊन, कपडे न बदलताच, त्याने फोन उघडला. दुपारी त्याचं नवं सदर आलं होतं. त्याखाली कृष्णविवर हजर होतं.

"या आठवड्यात लेखकाने एकाच मालिकेबद्दल तीन माणसांना तीन बातम्या सांगितल्या आहेत. एकीला नायक मरतो, दुसरीला कथा यंत्राने लिहिली, तिसऱ्याला चित्रीकरण धायरीत. तीनही खोट्या आहेत. लेखकाला समीक्षा सोडून हेरगिरी करायची असेल तर करावी, पण ती तरी नीट करावी."

अवधूतने ते पुन्हा एकदा वाचलं. तिन्ही बातम्या! म्हणजे तिघेही सामील! त्याने हॉलमध्ये बायको-मुलीला हाक मारली आणि सर्जेरावांची बेल वाजवून त्यांनाही आत घेतलं. आई सोफ्यावर होतीच.

"हा कट आहे," चिखलाने माखलेला अवधूत हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणाला. "माझ्याच घरात! मी प्रत्येकाला वेगळी बातमी दिली होती."

कादंबरीने हातातला टॉवेल खाली ठेवला. "म्हणजे? तू मला खरंच मुद्दाम खोटं सांगितलंस? परीक्षा घेत होतास माझी?"

"आणि तुम्ही माझ्याविरुद्ध लिहीत होता त्याचं काय?"

"मी एक अक्षर लिहिलेलं नाही."

"मीपण नाही," ओवी म्हणाली.

"आपल्याला टायपिंग येत न्हाई," सर्जेराव म्हणाले. "शूटिंग होणारे का न्हाई, तेवढं सांगा."

"मग लिहितं कोण?" अवधूत ओरडला.

"मी," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सोललेले मटार बाजूला सरकवले. "आधी ते पाय धुऊन ये. गालिचा नवा आहे."

अवधूत तिथेच खुर्चीत बसला. (गालिच्याचं मग व्हायचं ते झालंच.)

"तू? आई, तुला या मालिकांमधलं... म्हणजे तुला कळतं?"

"तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं मी. तू माझ्याच वर्गात होतास, विसरलास? तेव्हाही वेग आणि अंतरात गोंधळच करायचास."

"अकाउंट कुणी काढून दिलं?"

ओवीने हळूच हात वर केला. कादंबरी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ मी बघते. तेवढंच." सर्जेराव म्हणाले, "अंगठे मी देतो. आमच्या व्यायामशाळेतल्या पोरांनापण द्यायला लावतो. आजीबाई लई झकास लिहितात." तिन्ही बातम्या आईपर्यंत कशा पोचल्या हे मग विचारायची गरजच उरली नाही. तिघंही दुपारचा चहा तिच्यापाशी बसून घेत होती.

"म्हणजे कट होताच!" अवधूत म्हणाला. सोळा वर्षांच्या नोकरीत त्याचा संशय इतका खरा कधीच ठरला नव्हता, पण आनंद काही होईना. त्याचा आवाज जरा उतरला. "मला तोंडावर सांगता येत नव्हतं?"

सत्यशीलाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "तुझे बाबा गेल्यापासून तू रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसतोस. पंधरा मिनिटं झाली की सगळं थांबवून मला काहीतरी समजावतोस. चुकीचं समजावतोस, पण बसतोस. तोंडावर चूक काढली असती तर उठून आत गेला असतास. लहानपणापासून तेच करतोस."

अवधूतने पायावरचा वाळका चिखल नखाने खरवडला. कादंबरीने त्याच्या हातात टॉवेल दिला. रागावलेली होती, पण दिला.

तेवढ्यात फोन वाजला. शर्मिलाबाई.

"अहो प्रकाशवर्ष, धायरीत शूटिंग असल्याची बातमी दोन साइट्सनी छापली आणि आता दोघीही तोंडघशी पडल्यात. आपण वाचलो. कुणामुळे, माहितीये?"

"कृष्णविवर," अवधूत पुटपुटला.

"बरोबर! काय तयारी आहे हो त्या व्यक्तीची! परिसंवादाचं अध्यक्षपद त्यांनाच द्यायचं ठरतंय. तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? त्यांचा पत्ता काही मिळेल का?"

अवधूतने समोर पाहिलं. आई पुन्हा मटार सोलायला लागली होती, पण शेंगांकडे तिचं लक्ष नव्हतं. कान इकडे होते. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. 'मला माहीत नाही बुवा' हे वाक्य जिभेवर आलंही.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "सत्यशीला घैसास. माझी आई."

मेळाव्याच्या दिवशी तो आईची शाल, पाण्याची बाटली आणि दोन्ही चष्मे घेऊन पहिल्या रांगेत बसला. सत्यशीलाबाईंनी पाऊण तासात तीन सिनेमे, दोन कादंबऱ्या आणि एका दिग्दर्शकाची गुरुत्वाकर्षणाबद्दलची समजूत, सगळं सरळ केलं. सभागृह हसत होतं, टाळ्या वाजवत होतं. सर्जेराव व्यायामशाळेतली पोरं घेऊन आले होते, त्यांनी शिट्ट्याही वाजवल्या. अवधूतला अभिमान वाटला, अगदी खराखुरा. आपणही या क्षेत्रातले आहोत हे निदान एका माणसाला तरी कळावं, एवढंच त्याला राहून राहून वाटत होतं.

कार्यक्रम संपला. गर्दीतून कॉलेजची एक मुलगी थेट त्याच्याकडे आली आणि तिने वही आणि पेन त्याच्यासमोर धरलं. अवधूतचा ऊर भरून आला. त्याने शाल काखेत धरली, पानाच्या बरोबर मध्यभागी 'विश्वाच्या शोधात असलेल्या तरुण वाचकास सप्रेम, आपला प्रकाशवर्ष' असं लिहिलं, खाली लफ्फेदार सही ठोकली आणि वही परत केली.

केसांना रबर लावून मोकळी झालेल्या मुलीने पान पाहिलं.

"अहो काका," ती म्हणाली, "केस बांधेपर्यंत वही धरायला दिली होती. आता आजींना मागच्या पानावर सही करायला सांगाल का?"