लाइलचा तंबू ताठ उभा राहतो

तंबू विकत घ्यायचा, असं लाइल टॉफ्टेनं जेवताना जाहीर केलं तेव्हा त्याच्या बायकोनं, मार्लिसनं, बटाटे वाढायचं थांबवलंसुद्धा नाही.

"का? व्हर्लिनच्या तंबूला काय धाड भरलीय?"

व्हर्लिन म्हणजे तिचा थोरला भाऊ. अकरा वर्षं लाइल एल्कच्या, म्हणजे थोराड डोंगरी हरणाच्या, शिकारीला त्याच्याच तंबूत राहायचा, आणि ज्याचा तंबू त्याचं राज्य. उठायचं कधी, घेवडा किती वेळा खायचा, कोणी कुठे जायचं, सगळं व्हर्लिन ठरवणार. डोंगराचा वरचा उतार स्वतःला, खालची दलदल लाइलला. अकरा वर्षांत लाइलनं जवळून एल्क पाहिला तो व्हर्लिनच्या गाडीत, मेलेला.

"या वर्षी वरच्या उतारावर मी जाणार. माझा तंबू, माझा हुकूम!"

"जा की. पण स्वस्तात."

इथेच घोडं अडलं. पाणी न शिरणाऱ्या चांगल्या तंबूची किंमत ऐकून मार्लिस म्हणाली, तेवढ्यात घराचं छप्पर बदलून होईल. स्वस्त नायलॉनच्या तंबूत लोखंडी चूल पेटवायची सोय नव्हती, आणि आमच्या मोंटानाच्या डोंगरात चुलीशिवाय झोपलेला माणूस सकाळी उठेलच असं नाही. शेवटी शेजारच्या गावात तंबू शिवणाऱ्या हेल्गा म्हातारीकडे त्याला परवडेल असा एक मिळाला. कोऱ्या कॅनव्हासचा, खांब-वाशांशिवाय.

"वासे जंगलातनं तोडून आण," म्हातारी म्हणाली. "आणि कापड कोरं आहे. उभा करून चिंब भिजव, मग वाळू दे. धागे फुगले की शिवणीची भोकं बुजतात. उन्हाळ्यात करायचं हं हे."

"हो हो," लाइल म्हणाला. ऑक्टोबर संपत आला होता.

शनिवारी शिकार सुरू होणार होती. बुधवारी छान ऊन पडलं. लाइलनं जंगलातनं वासे तोडून आणून अंगणात तंबू ठोकला आणि नळी लावून त्याला मनसोक्त आंघोळ घातली.

"अरे, रेडिओवर थंडीची लाट सांगतायत!" मार्लिस खिडकीतून ओरडली.

"रेडिओवाल्याला काय कळतंय!"

संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला. गुरुवारी सकाळी लाइलनं तंबूवर हात मारला तर दारावर मारल्यासारखी टकटक झाली. तंबूची फळी झाली होती. त्यानं केस वाळवायचं यंत्र लावून पाहिलं, ते जळलं. गरम पाणी ओतून पाहिलं, तर बर्फाचा आणखी एक थर चढला. घडी घालायला जावं तर कापड कडकड करायला लागलं.

"चिरेल ते," मार्लिस म्हणाली. "राहू दे आता. जा व्हर्लिनच्याच तंबूत."

हे शब्द लाइलला असे झोंबले की त्यानं सरळ शेजारच्या ऑर्विसचा गवत वाहायचा ट्रेलर मागून आणला. तंबू तसाच, उभाच न्यायचा! आढ्याचा वासा ट्रेलरच्या बाहेर चार हात जात होता म्हणून तो काढला. मग बाकीचेही काढले. तरी तंबू जराही वाकला नाही. शुक्रवारी सकाळी सहा शेजाऱ्यांनी तो उचलून ट्रेलरवर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

"आणि वासे?" मार्लिसनं विचारलं.

"कशाला? बघ की कसा ताठ उभा आहे!"

"आत्ता आहे."

"तुला माझं चांगलं बघवतच नाही," असं म्हणून लाइल निघाला.

हमरस्त्यावर त्याच्यामागे गाड्यांची ही रांग लागली. एका पोलिसानं गाडी थांबवली.

"घर हलवायचा परवाना आहे?"

"घर कसलं साहेब, तंबू आहे."

पोलिसानं तंबूवर टकटक केलं. मग उगाच वाट पाहिली, कोणी दार उघडतंय का म्हणून. शेवटी डोकं खाजवून त्यानं लाइलला सोडलं.

वर डोंगरात व्हर्लिन आणि त्याचे दोन दोस्त बधिर बोटांनी दोरांशी झटत, शिव्या देत होते. लाइलनं ट्रेलरला दोन फळ्या लावल्या, तंबू बर्फावर घसरवला, आत चूल ठेवली, धुराडं लावलं. दहा मिनिटांत राज्य तयार! व्हर्लिननं तंबूला दोन फेऱ्या मारल्या.

"उभाच आणलास?"

"मग? पाडायचा आणि परत उभा करायचा, हा गाढवपणा सांगितलाय कोणी?"

व्हर्लिननं मुकाट्यानं आपला अर्धवट तंबू पिशवीत कोंबला. "चौघं मावतील ना रे यात?"

"मावतील. पण उद्या वरच्या उतारावर मी."

व्हर्लिननं पिशवीचं तोंड आवळलं. "बरं."

अकरा वर्षांत पहिल्यांदा! लाइलला आकाश ठेंगणं झालं. त्यानं चूल रसरसून पेटवली आणि कॉफी ठेवली. पहिला थेंब व्हर्लिनच्या कपात पडला.

"गळतोय रे तुझा महाल."

"धागे फुगतायत," लाइल जाणकारासारखा म्हणाला.

मग भिंतींना घाम फुटला. थोड्या वेळानं व्हर्लिनची टोपी छताला लागली.

"लाइल, मी उंच झालो की छप्पर खाली आलं?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "खांब कुठायत तुझे?"

लाइल कॉफी ढवळत राहिला. तेवढ्यात ओलाचिंब कॅनव्हास धुराड्यासकट चौघांच्या डोक्यावर आला. चूल फिसफिसून विझली. काजळीनं काळे झालेले चार बाप्ये रांगत बाहेर आले.

मग व्हर्लिनचा तंबू पुन्हा काढून ठोकण्यात दीड तास गेला. गाठी गोठलेल्या, बोटं रक्ताळलेली. लाइल टोमण्यांची वाट बघत होता. व्हर्लिन नुसता गाठी सोडवत राहिला. लाइलला वाटलं, त्यापेक्षा दोन ठेवून दे बाबा!

शेवटी आत चुलीपाशी बोटं शेकताना व्हर्लिननं घसा खाकरला.

"लाइल, पुढच्या वर्षी माझापण गोठवून आणशील?"

लाइलनं निरखून पाहिलं. थट्टा नव्हती.

"वासे मी आणीन," व्हर्लिन म्हणाला. "तू फक्त तंबू गोठव."

"बघू. वेळ मिळायला पाहिजे," लाइल पाय पसरत म्हणाला. "उद्याच्या वरच्या उताराचं काय?"

व्हर्लिननं आपल्या बोटांकडे पाहिलं.

"जा बाबा," तो म्हणाला. "तूच जा."