दिगंबरकाकांचं गेट

माझ्या लग्नात, ऐन मंगलाष्टकं चालू असताना, दिगंबरकाका मांडवात पुढे आले, माझ्या मुंडावळ्यांतून सुटलेला प्लास्टिकचा सोनेरी धागा त्यांनी उपटला, खिशात घातला आणि परत जागेवर जाऊन बसले. भटजी थांबले. सासरेबुवा लालबुंद झाले. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. माझी बायको अजून विचारते, तो माणूस नक्की कोण होता?

तो माणूस म्हणजे आमच्या आदिलाबादच्या जिनिंगचा गेटवरचा तपासनीस. शेतकऱ्यांचा कापूस आमच्याकडे येतो, आम्ही सरकी वेगळी काढून गाठी बांधतो आणि पुढे सूतगिरणीला पाठवतो. मी वजनकाट्यावर बसतो, म्हणजे दिवसभर काकांच्या तोंडासमोर. कोणत्या गुन्ह्याची ही शिक्षा, ते मला आजवर कळलेलं नाही. डोक्याला फडकं बांधल्याशिवाय काका मालकांनाही आत सोडत नाहीत. मालकांना टक्कल आहे. 'मंग मिशीचं काय?' असं काकांनी त्यांना तोंडावर विचारलं, तेव्हा मी टेबलाखाली काहीतरी शोधत बसलो.

एक केस, एक दोरा गाठीत गेला की तो सुतात जातो, सुतातून कापडात, आणि डाग दिसतो तो पार तिकडे. मग तिकडून बोंब उलटी आमच्यापर्यंत येते. 'आत गेलं का गेलं!' हे काकांचं पालुपद. चहात माशी पडली तरी हेच म्हणतात आणि माशी काढून चहा पिऊन टाकतात.

यंदा त्यांच्या या खुळाला भाव आला. तान्ह्या मुलांचे कपडे करणाऱ्या एका कंपनीने आमच्या भागातली काही गावं निवडली. औषधं कमी फवारायची, पाणी जपून द्यायचं, आणि कापूस प्लास्टिकच्या पोत्यात न भरता कापडात बांधून आणायचा. दर बाजारापेक्षा चढा. अट मात्र जीवघेणी होती. गेटच्या आत कोणाच्याही कापसात प्लास्टिकचा तंतू सापडला, तर त्याच्या अख्ख्या गावाचं नाव हंगामभर बाद.

तपासणीला कंपनीच्या मॅडम आल्या त्या दिवशी काका सकाळपासून कोणाशी बोलले नव्हते. मॅडम आवारातल्या ढिगांत हात घालून पाहत होत्या. तेवढ्यात उटनूरकडचा एक टेम्पो गेटवर लागला. ड्रायव्हरशेजारी काकांची थोरली बहीण बसली होती, अक्का. मागे तिच्या कापसाची गाठोडी, जुन्या लाल साड्यांत बांधलेली.

काकांनी एक गाठ सोडली. साडीचा पदर विरला होता आणि पांढऱ्या कापसाला ठिकठिकाणी लाल तंतू चिकटले होते.

'अक्का, साडीत काऊन बांधलं?'

'तूच तं म्हनलं होतं, पोतं नको, कापड पायजे. हे कापड नाही तं काय हाय?'

'नायलॉन हाय, अक्का. म्हंजे प्लास्टिकच.'

'साडी कुठं प्लास्टिकची रायते का रे?' अक्का हसल्या. मग भावाचा चेहरा पाहिला आणि हसायच्या थांबल्या.

माल अजून गेटबाहेरच होता, पण मॅडमनी पाहिला तर गावाचं नाव जाईल, अशी मला धास्ती. मॅडमची पाठ आमच्याकडे होती. मी काकांच्या कानाशी लागलो, 'गाठोडी माझ्या काट्याच्या खोलीमागे टाकू गुपचूप. मग बघू.'

'दिगू, वापस नको करू,' अक्का खाली उतरून म्हणाल्या. 'गावातल्या बाया म्हनतीन, हिनं आमाले बुडवलं.'

काकांच्या कपाळावर घाम आला होता. सुटलेली गाठ हातात तशीच. आयुष्यात एकदा तरी आंधळा हो रे बाबा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो.

'गाडी वापस!'

काका एवढ्या मोठ्याने गरजले की आवारात कापूस निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मॅडम वळल्या, गेटवर आल्या, एक लाल तंतू चिमटीत धरला.

'किसका माल है?'

'मेरी बहन का.'

'अंदर गया?'

'नहीं. गेटपेच पकडा.'

मॅडम तंतू बघतात, टेम्पो बघतात, काकांना बघतात. मला त्यांचा रागच आला. माणसांना असं टांगून ठेवतात का? शेवटी म्हणाल्या, 'बाहर बैठके साफ करो, फिर लाओ. गाँव का नाम रहेगा.'

माझा श्वास सुटला. अक्कांनी मात्र मान वर केली नाही.

काकांनी गेट माझ्यावर सोपवलं. असं त्यांनी कधी केलेलं मला आठवत नाही. बाहेर कडुनिंबाखाली सुती चादर अंथरून त्यांनी कापूस ओतला. अक्का सावलीत बसल्या, काका समोर, उन्हात. दोघं तंतू वेचू लागले. गेट मोकळं टाकून मला हलता येईना, त्यामुळे नको असताना सगळं ऐकू येत होतं.

'अक्का, शिव्या दे. चार लोकांत लाज काढली म्हनून मार मले. पन बोल.' काकांचा आवाज फाटला. 'घरी गेल्यावर मले बोलाले कोनी नाही. तुहा फोन आला नाही, त्या दिवशी तोंडच उघडत नाही माहं.'

हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्या जगाला हैराण करणारा हा माणूस घरी जाऊन मुका होतो. मला फार वाईट वाटलं.

अक्का तंतू वेचत राहिल्या. बऱ्याच वेळाने, वर न बघताच म्हणाल्या, 'सरक इकडं. किती वेळचा उन्हात बसून राह्यला.'