मुलूखिया, सशासकट

त्या शुक्रवारी सुहैरने, म्हणजे माझ्या बायकोने, बाजारातून आणलेली मुलूखियाची जुडी धुवायला घातली आणि पाण्यावर निळसर तवंग आला. मी पेपर खाली टाकला आणि गरजलो, "बस्स! फवारे मारलेली पालेभाजी या घरात बंद. आजपासून गच्चीवर मी पिकवणार!"

"आधी नळाचं वायसर बदला," सुहैर म्हणाली.

इथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी त्याच तिरीमिरीत सासूबाईंना त्यांच्या गावी, झगाझिगला, फोन लावला. त्यांनी, म्हणजे हाज्जा इनआमनी, तरुणपणी तीन म्हशी, चार मुली आणि एक नवरा एकटीने सांभाळलेला. माझ्याबद्दलचं त्यांचं मत लग्नाच्या दिवशी बनलं, ते अजून हललेलं नाही.

"तुम्ही जावईबापू? अहो, तुमच्या हातचा पुदिना वाळला! पुदिना! तो तर गटारातसुद्धा माजतो."

"हाज्जा, दोन महिन्यांनी जेवायलाच या. माझ्या गच्चीवरची मुलूखिया खाऊ घालतो."

"येते की. तिच्यात घालायला ससा मीच पाठवते. आणि भाजी नाही उगवली, तर उन्हाळाभर तिथेच राहून शिकवते तुम्हाला."

सुहैरचा चेहरा उजळला. माझा नाही. हाज्जा येतात तेव्हा पहाटे पाचला रेडिओ लागतो आणि त्यांना पाठीसाठी माझाच पलंग लागतो.

कामाला लागलो. जुनी पिंपं अर्धी कापली, माती भरली आणि एकेक बी वीतभर खोल खोचलं. (बी मोहरीहून बारीक. चष्मा लावून, मोजून खोचलं.) दहा दिवस झाले तरी काही वर येईना. आमच्या इमारतीचे दरवान बखीतकाका असवानकडचे, जन्म शेतात गेलेला. त्यांनी मातीत बोट घातलं आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"उस्ताद वगदी, पेरलं आहे का पुरलं आहे?"

मग त्यांनी मूठभर बी नुसतं भुरभुरवलं आणि चौथ्या दिवशी माती हिरवी झाली. हे मी घरी सांगितलं नाही.

तेवढ्यात बसने ससा आला. राखाडी, गलेलठ्ठ, आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखा न हलता बघणारा. "याच्या लेंड्या थेट मातीत घाला, सोनं आहे," काका म्हणाले. मी त्याला गच्चीवरच खोक्यात ठेवलं. खोक्याच्या दाराची कडी मोडकी, म्हणून कपड्यांचा चिमटा लावला. (तात्पुरता. आमच्या घरात तात्पुरतं म्हणजे कायमचं.) रोज सकाळी सुपली घेऊन वर जायचं. तो करायचा, मी गोळा करायचो.

आणि काय सांगू, मुलूखिया कमरेएवढी झाली! मी सुहैरची शिवणाची टेप नेऊन रोज मोजायचो. असा अभिमान मला पोराच्या निकालालाही वाटला नव्हता.

ठरलेला शुक्रवार आला. हाज्जा येण्याआधी मी वर जाऊन पिंपाला पुठ्ठ्याची पाटी लावली: 'शुद्ध सेंद्रिय. हात लावू नये.' वाऱ्याने ती उडत होती. जवळच एक चिमटा दिसला, तो लावून टाकला.

नमाजानंतर सुहैर भाजी कापायला गच्चीवर गेली. मी हाज्जांना चहा देत खताचं प्रमाण समजावत होतो. एवढ्यात वरून मोठ्यांदा श्वास आत ओढल्याचा आवाज आला. मुलूखियात लसणाची फोडणी ओतताना आमच्या बायका असाच श्वास ओढतात, त्याशिवाय भाजीला चव येत नाही म्हणे.

"घातली वाटतं फोडणी," मी खुशीत म्हणालो.

"लसूण तर हा माझ्या पुढ्यात आहे," हाज्जा म्हणाल्या आणि उठल्या.

गच्चीवर नुसते खुंट उभे होते. त्यांच्या मधोमध ससा हातपाय ताणून पहुडला होता. पाटीवरचं 'शुद्ध सेंद्रिय'सुद्धा खाऊन झालं होतं. 'हात लावू नये' तेवढं शिल्लक होतं. गडबड ऐकून बखीतकाकाही वर आले.

हाज्जांनी चिमट्याकडे पाहिलं, उघड्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जावईबापू, ससा मुलूखियात घालतात. तुम्ही मुलूखिया सशात घातलीत."

"पण उगवली होती! काका, तुम्ही सांगा ना!"

"उगवली होती, हाज्जा," काका म्हणाले. "सशाला विचारा."

माझं डोकं फिरलं. "आणा सुरी! निदान हा तरी शिजू दे!"

हाज्जांनी ससा छातीशी धरला. "खबरदार! सांगितलेलं काम या घरात रोजच्या रोज करणारा हा एकटाच आहे."

त्या दिवशी आम्ही अंडी खाल्ली. संध्याकाळी हाज्जांची बॅग माझ्या पलंगाखाली सरकली.

आता तीन आठवडे झाले. हाज्जा पलंगावर, ससा पंख्याखाली, मी बैठकीतल्या सोफ्यावर पाय दुमडून. हाज्जांनी गच्चीवर एक बी टाकलेलं नाही. माझ्याच खुंटांना पालवी फुटली आणि पिंपं पुन्हा गच्च भरली. काल पहिली कापणी झाली. "आईच्या हाताला गुणच आहे," सुहैर म्हणाली. पहिली जुडी सशाला गेली, दुसरी बखीतकाकांना, बाकीची पातेल्यात. फोडणी पडली, श्वास ओढला गेला, घरभर वास सुटला. मी ताट घेऊन पुढे सरकलो.

हाज्जांनी डाव वर धरला आणि विचारलं, "वायसर बदललं?"