हाडांसाठी आलेले चार हजार लोक

या मंडळी, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनी तर आधी यावं, टेकलेल्या माणसाला झोप लवकर गाठते. दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या एका थोर गुप्तहेराची गोष्ट सांगतो. 'थोर' हा शब्द माझा नाही, त्याच्या कार्डावरचा आहे.

कार्डावर छापलं होतं : 'प्यॉन ग्वांग-सू. संचालक, सत्यशोधन केंद्र. नजर ससाण्याची, बुद्धी सागराची, स्वभाव नम्र.' निवृत्तीआधी साहेब मोटार शिकवणाऱ्या शाळेत परीक्षक होते. उमेदवाराची मान पाहून तो नापास होणार हे ते ओळखत, आणि मग त्याला नापास करत. आता हीच विद्या गुन्हेगारांवर चालवायची होती, पण गुन्हेगार येत नव्हते. केंद्रात कर्मचारी एकच, यांग-इम. ती बायको असल्यामुळे पगाराचा प्रश्न लग्नातच मिटला होता.

शुक्रवारी समोरच्या इमारतीतली गुक सन-ओक आली. कॉल सेंटरात दिवसभर अनोळखी माणसांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून ती विटली होती. नोकरी सोडून सहा महिने ब्लॉग लिहीत होती.

"संचालकसाहेब, ऑफिसनं माझी खुर्ची सोमवारपर्यंत राखून ठेवलीय. तोवर पोट भरेल असा एक विषय सापडला नाही, तर मला परत तिथं जावं लागेल."

"आजवर कशावर लिहिलंत?"

"सगळ्यावर. डोंगर, मांजर, चेहऱ्याचं क्रीम, शेअर बाजार, उदासी."

"आणि वाचतं कोण?"

"रोज अकरा भेटी. त्यातल्या नऊ आईच्या."

मात्र गेल्या महिन्यात तीन संध्याकाळी चार-चार हजार माणसं आली होती, आणि सगळी एकाच लेखावर. लेखाचं नाव 'हाडांचा निरोप'. तळलेली कोंबडी खाऊन झाल्यावर हाडांची पिशवी घेऊन इमारतीखाली उभी असताना सन-ओकच्या मनात आलेले खोल विचार त्यात होते. ही माणसं कशासाठी आली, एवढं कळलं की विषय सापडला.

साहेबांनी डोळे मिटले. यांग-इमनं सातूच्या चहाचं आधण ठेवलं. साहेबांनी डोळे मिटले की ते पंधरा मिनिटं तरी चुकत राहायचे.

"हाडं," ते म्हणाले. "म्हणजे खून. चार हजार जणांची टोळी."

"अहो, एवढी टोळी बसणार कुठं?" यांग-इम म्हणाली.

साहेबांनी टोळी मागे घेतली. मग त्यांनी तारखा चंद्राशी जुळवायला घेतल्या. एक तारीख अमावास्येच्या आसपास यायला तयार झाली, बाकीच्या दोघी हटून बसल्या. तेवढ्यात कॅलेंडरवर ओणवून यांग-इम म्हणाली, "या तिन्ही संध्याकाळी आपल्या देशाची फुटबॉलची मॅच होती."

"तेच मी म्हणत होतो. सट्टा. हाडं हा त्यांचा सांकेतिक शब्द. बाई, तुम्ही गुन्हेगारीवर लिहा."

"मला रक्त बघवत नाही हो."

"बघायचं कुठंय? लिहायचं."

दाराशी बूट घालायला सन-ओकला इतका वेळ लागला की यांग-इमला राहवेना. "आज मॅच आहेच," ती म्हणाली. "उद्या सकाळी जागेवरच जाऊन बघू."

शनिवारी सकाळी तिघं सन-ओकच्या इमारतीखाली गेली. साहेबांनी भिंग काढलं आणि थेट ओल्या कचऱ्याच्या पिंपात डोकं घातलं.

"साहेब, भूक लागली असेल तर माझ्या डब्यात भात आहे," मागून वॉचमन बोंगकाका म्हणाले.

"मी पुरावा शोधतोय. हाडं."

"त्यात मिळायची नाहीत. ते जनावरांच्या खाद्याला जातं. हाड, अंड्याचं टरफल, कांद्याची साल, जे जनावर खाणार नाही ते साध्या पिशवीत. काल मॅच होती, म्हणजे घरोघर कोंबडी. मग माणसं पिशवी घेऊन इथं उभी राहतात, हे पिंप बघतात, ते पिंप बघतात, आणि फोन काढून हाडं कुठं टाकायची ते शोधतात. चुकलं तर दंड आहे ना."

पिंपातून आवाज आला, "माझा संशय तिकडेच होता."

सन-ओकचा चेहरा पडला. "म्हणजे माझे विचार कुणी वाचलेच नाहीत?"

"माझ्या सुनेनं वाचले की. म्हणाली, चौदा ओळी रडगाणं आहे, पंधराव्या ओळीत उत्तर आहे. तू हाडं घेऊन इथं उभी होतीस त्या दिवशी मी तुला सांगितलेलं तेवढं तू लिहून ठेवलंयस."

सन-ओक दोन पावलं पुढे आली. "काका, लोक तुम्हाला आणखी काय काय विचारतात?"

काकांनी बारा वर्षं तुंबलेला श्वास सोडला. "शिंपले. पीचची बी. फुटका आरसा. जुनी उशी. छत्रीचं कापड वेगळं आणि काड्या वेगळ्या का..."

यांग-इमनं पिशवीतून वही काढून सन-ओकच्या हातात दिली. दुपारपर्यंत ती भरली.

सोमवारी सन-ओकनं ऑफिसला फोन करून खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली. आज तिच्या ब्लॉगवर काय कुठं टाकायचं ते विचारायला देशभरातून माणसं येतात आणि भांड्यांचा साबण विकणारे त्याच्या कडेला जाहिराती देतात. साहेबांनी नोंद केली : 'प्रकरण सुटले. पद्धत : घटनास्थळी डोके घालणे.' यांग-इमनं त्यांचा कोट दोनदा धुतला.

इथं मी थांबतो. पण मंडळी, व्यासपीठावरून ज्ञान सांगणाऱ्याला आपण हार घालतो, पाया पडतो. पिंपाशेजारी उभं राहून तीच गोष्ट शंभर जणांना, जरासंच चिडून, सांगणाऱ्याला कोण हार घालतं? उद्या कचरा टाकायला खाली जाल, तेव्हा बोंगकाकांची आठवण काढा.